टाकीखालचा नमदा

२ नोव्हेंबर १९७१, मंगळवार

इथल्या मराठी मंडळाला आज माझी आठवण झाली. जूनमध्ये कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा यांच्यातला एकही जण चहाला आला नव्हता. आज मात्र सेक्रेटरी श्यामसुंदर भर उन्हात सायकल मारत आला आणि चपला पायरीशी नीट जोडून ठेवल्या. तेव्हाच ओळखलं की काम आहे.

मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जीप पडून आहे. मागच्या महायुद्धातली, त्रेचाळीस सालची. गणपती नर्मदेच्या ग्वारीघाटावर विसर्जनाला नेण्यापुरती ती चालायची आणि वाटभर गणपतीला पेट्रोलचा वास यायचा. आता युद्धाचं वारं वाहतं आहे. सिविल लाइंसमधल्या सरकारी कचेरीतून पत्र आलंय की ज्या संस्थेकडे गाडी असेल तिने ती नागरी संरक्षणासाठी तयार ठेवावी. लल्लू मिस्त्रीने इंजिन चालू केलं म्हणे. पण टाकी गळते.

"विष्णुपंत, तुमच्याशिवाय आहे कोण? तीस वर्षं तुम्ही तोफगाड्यांचा माल तपासून राहिले."

तीस नव्हे, एकतीस. पण श्यामसुंदर पडला रेल्वेचा गुड्स क्लार्क, त्याला कोण शिकवणार? हो म्हणालो.

ही वहीही कारखान्यातलीच, तपासणीची, कोरी राहिलेली. उजव्या कडेला ‘पास / नापास’ असा रकाना छापलेला आहे. दैनंदिनीला त्याचा काही उपयोग नाही, पण कागद उत्तम आहे.

४ नोव्हेंबर, गुरुवार

जीप पाहिली. हिची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणजे माणूस अक्षरशः पेट्रोलवर बसतो. ज्याने ही रचना केली तो स्वतः त्या जागी कधी बसला नसणार.

काम दोनच गोष्टींचं आहे. टाकीच्या वर, पेट्रोलचा काटा जिथे बसतो तिथे पाच स्क्रूंची एक गोल तबकडी आहे. तिच्याखालची चकती सडली आहे, म्हणून पेट्रोल वर येतं. आणि टाकीच्या बुडाशी पत्र्याला पत्रा घासू नये म्हणून जी गादी घालतात, तिचा चिखल झाला आहे.

लल्लू मिस्त्री बिडी विझवून शहाणपणा शिकवायला लागला. "बाबूजी, ऊपर काग लगाओ, तेल में भिगो के. और नीचे कैनवास की पट्टी, मोम लगी हुई. नमदा मत डालना, पानी पी जाता है."

काग म्हणजे बूच. बाटलीचं बूच! एकतीस वर्षं मी माल तपासला, आणि हा मला बाटलीचं बूच लावायला सांगतो. मी म्हटलं, "लल्लू, तुमने कभी स्पेसिफिकेशन पढ़ा है?" तो म्हणाला, "नहीं बाबूजी, टंकी खोली है." असल्या उत्तरांना मी उत्तर देत नाही.

वर लाल रबर आणि खाली नमदा, हे मी जागच्या जागी ठरवलं. नमदा घरात आहे, पाऊण इंच जाड, पांढरा, दाबलेल्या लोकरीचा. निवृत्तीच्या दिवशी नमुना म्हणून घरी आला होता. आला म्हणजे मी आणला. पण नमुना होता, चोरी नव्हे. त्यावर अंगठा दाबून पाच आकडे मोजावेत आणि सोडावा. खड्डा भरून आला तर पास, राहिला तर नापास. माझ्या अंगठ्याने गाड्या भरभरून माल परत पाठवला आहे.

७ नोव्हेंबर, रविवार

शैलजाने स्वयंपाकघराच्या खिडकीत तीन बरण्या मांडल्या आहेत. लोणच्याच्या, बायकोच्या, म्हणजे अनसूयेच्या. एकीत पेट्रोल आणि लाल रबराचा तुकडा, दुसरीत पेट्रोल आणि बूच, तिसरीत पाणी, त्यात नमद्याचा तुकडा आणि त्याला टेकून एक खिळा. वर चिठ्ठ्या चिकटवून तारखा घातल्या आहेत.

मुलगी बी.एस्सी. झाली आणि सायन्स कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं सहायक आहे. सहायक म्हणजे काय, पोरांनी घाण केलेल्या नळ्या धुवायच्या. पण घरी येऊन ती न्यूटनची नात असल्यासारखी वागते. मी म्हटलं, लोणचं कधी मुरेल?

"आठ दिवसांत बाबा," ती म्हणाली. हसलीसुद्धा नाही.

अनसूया मात्र माझ्यावरच घसरली. "काहून चिडवून राहिले तिला? बरण्या माझ्या आहेत, मी दिल्या." एकूण घरात प्रयोगशाळा उघडली आहे आणि मालकीणबाई सामील आहेत.

१० नोव्हेंबर, बुधवार

कानपूरहून शैलजाच्या नावाने सरकारी लिफाफा आला. तिथल्या संरक्षण प्रयोगशाळेत जागा मिळाली आहे. रबर, कापड, चामडं असला माल तपासायचा. वीस डिसेंबरपर्यंत होकार किंवा नकार कळवा म्हणे.

मला न विचारता अर्ज केला होता. एप्रिलमध्ये मुलाखतीला गेली तेव्हा मैत्रिणीच्या लग्नाला जाते असं सांगितलं होतं, आणि मी स्टेशनावर सोडायला गेलो होतो! टिफिन हातात देऊन आलो होतो.

माल तपासणं हे बाटल्या हलवून होत नाही. त्याला अंगठा लागतो. पोरींना तिथे घेतात ते रजिस्टरं भरायला, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. ती पत्राची घडी घालत राहिली. घडी फार नीट घातली.

१४ नोव्हेंबर, रविवार

आठ दिवस झाले. शैलजाने बरण्या जेवणाच्या पाटाशी आणून ठेवल्या, म्हणजे मला टाळता येऊ नये. रबर फुगून दीडपट झालं आहे आणि चिमटीत धरलं की लिबलिबतं. बूच होतं तसं आहे. नमद्याने सगळं पाणी पिऊन टाकलं आहे आणि खिळ्यावर तांबडा गंज चढला आहे.

मी सांगितलं की रबर बाजारातलं आहे, सुमार आहे. कारखान्यात लाल रबर वर्षानुवर्षं टिकलेलं मी पाहिलं आहे.

"बाबा, तोफेच्या गाड्यात पेट्रोल कुठे असते?"

प्रश्न आगाऊ होता. मी म्हटलं, रबर ते रबर. ती म्हणाली, "फुगलं की चकती स्क्रूच्या मधून बाहेर सरकेल. पेट्रोल सीटखाली येईल. मोहनदादा त्यावर बसणार आहेत, अन् त्यांच्या तोंडात सिगरेट असते."

मोहन म्हणजे मंडळाने नेमलेला ड्रायव्हर, लोको शेडमधला. दोन लेकरांचा बाप आहे, पण सिगरेट सुटत नाही. तो मूर्ख आहे, हे मला मान्य आहे. त्याच्या मूर्खपणासाठी मी माझा निर्णय फिरवणार नाही.

मग मी तिला सरळ सांगितलं. इतकी खात्री आहे ना? चल, टाकी माझ्या पद्धतीने बसवतो. पंधरा डिसेंबरपर्यंत गळली, तर तू कानपूरला जा, मी स्वतः गाडीत बसवून देईन. नाही गळली, तर नकाराचं पत्र लिहायचं आणि हा विषय बंद.

मला वाटलं होतं, आनंदाने उडी मारेल. तिचा चेहरा उतरला. "काहून पैज लावता बाबा? त्यात माणूस बसणार आहे."

बघा, घाबरली. बरण्यांवर स्वतःचाच विश्वास नाही. मी म्हटलं, हो की नाही? बरण्यांची झाकणं लावत म्हणाली, "अच्छा."

१८ नोव्हेंबर, गुरुवार

टाकी बसवली. चकती मी स्वतः कापली, पाच भोकं पाडली. नमदा बुडाशी अंथरला. लल्लू मिस्त्री स्क्रू आवळताना सारखा मान हलवत होता. मी विचारलं, मान को क्या हुआ? म्हणाला, "कुछ नहीं बाबूजी, उमर हो गई." श्यामसुंदरने टाळ्या वाजवल्या. याला टाळ्या वाजवायला काहीही चालतं.

२१ नोव्हेंबर, रविवार

ग्वारीघाटावर स्नानाला गेलो. नर्मदेचं पाणी गार होतं. अनसूया पाय दुखतात म्हणाली आणि शैलजा डोकं दुखतं म्हणाली, म्हणून एकटाच गेलो. पुजाऱ्याने माझं गोत्र चुकीचं घेतलं. गेली वीस वर्षं तो चुकीचंच घेतो.

परत आलो तेव्हा शैलजाची डोकेदुखी बरी झाली होती. ती साबणाने हात धूत होती, पुन्हा पुन्हा. लल्लू मिस्त्री फाटकातून बाहेर पडत होता. विचारलं तर म्हणाला, दीदीला कॉलेजच्या पंपाचं काही विचारायचं होतं. आमच्या कन्येचा सल्लागार कोण, तर बिडीवाला मिस्त्री.

२४ नोव्हेंबर, बुधवार

खिडकीत आता चौथी बरणी आली आहे. मी तिकडे बघतही नाही. हरलेला माणूस पुरावे गोळा करत बसतो.

शेडमध्ये जाऊन जीप वरवर पाहिली. थेंब नाही. एका स्क्रूच्या डोक्यावर ताजा ओरखडा आहे, लल्लूची घाई. त्याला बोललो. त्याने निमूट ऐकून घेतलं, हे नवलच.

घरात एक सुधारणा झाली. अनसूयेचं शिलाई मशीन इतकी वर्षं खडखडत होतं, ते एकदम शांत झालं. विचारलं तर म्हणाली, तेल घातलं. इतकी वर्षं हेच सांगत होतो.

४ डिसेंबर, शनिवार

काल संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले. युद्ध सुरू झालं. रेडिओला चिकटून बसलो होतो. कारखान्यात आता तीन पाळ्या चालतील आणि मी इथे खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवतो आहे. हे मला फार लागलं. एकतीस वर्षांत प्रत्येक युद्धाला मी कारखान्यात होतो, आणि हे आलं ते मी घरी बसल्यावर.

काळा कागद शैलजाने कापून दिला. माप अचूक होतं. 

जीप आज पहिल्यांदा कामावर गेली.

९ डिसेंबर, गुरुवार

जीप पाच दिवस सारखी पळते आहे. स्टेशनवरून औषधांची खोकी, सिविल लाइंसमधून होमगार्ड, एकदा बरगीपर्यंत जाऊन आली. टाकी गच्च भरून. थेंब नाही! मी रोज फडक्याने तबकडी पुसून पाहतो, फडकं कोरडं.

मोहन तोंडात सिगरेट धरूनच चालवतो. मी ओरडलो तर म्हणाला, "काका, तुमची टाकी आहे, घाबरायचं कशाला?" मूर्ख आहे, पण माणूस ओळखतो.

जेवताना मी शैलजाला विचारलं, तुझी बरणी काय म्हणते? ती ताटाकडे बघत होती. "टाकी गळून नाही राहिली ना बाबा? मग ठीक आहे."

हरल्याचं दुःख नाही, तोंडावर उलट कसली तरी शांती होती. हल्लीच्या मुलींना हरणंसुद्धा धड जमत नाही. अनसूयेने मला पोळी वाढली ती जरा आदळून वाढली.

१५ डिसेंबर, बुधवार

मुदत संपली. टाकी कोरडी.

शैलजाने नकाराचं पत्र लिहिलं. मी मजकूर सांगायला लागलो तर म्हणाली, मला येतं. तीन ओळी, सही, घडी. शाई वाळायच्या आत घडी घातली, म्हणून सही थोडी पसरली. मी म्हटलं, दुसरं लिही. नाही म्हणाली.

पोस्टाचा कारभार भोंगळ, म्हणून पत्र मी स्वतः मोठ्या पोस्टात नेऊन टाकलं. येताना खवा जिलेबी आणली. कुणी खाल्ली नाही. मी खाल्ली.

१६ डिसेंबर, गुरुवार

ढाका पडलं. शरणागती! रस्त्यावर लोक नाचत आहेत, श्यामसुंदरसुद्धा. आज त्याला माफ.

१९ डिसेंबर, रविवार

हे नीट लिहायचं आहे.

आज मंडळात माझा सत्कार होता. शाल, श्रीफळ. कल्पना माझीच की नुसती भाषणं नकोत, सगळ्यांसमोर टाकी उघडा आणि दाखवा की योग्य माल निवडला तर काय होतं. मनात असं होतं की शैलजाने पहिल्या रांगेत बसून पाहावं. ती बसली होती. लल्लू म्हणाला, "बाबूजी, आज रहने दो." मी त्याच्या हातातला पाना घेतला.

सीट काढली. पाच स्क्रू काढले. तबकडी उचलली.

खाली बूच होतं.

तेलात भिजवलेली, नीट कापलेली बुचाची चकती. पाच भोकं, माझ्याहून नेमकी. मी वाकून टाकीच्या बुडाशी हात घातला. नमदा नव्हता. कॅनव्हासची मेण लावलेली पट्टी हाताला लागली, कोरडी.

"वा, विष्णुपंत!" श्यामसुंदरने टाळ्या सुरू केल्या. सगळ्यांनी वाजवल्या. यांच्यातल्या एकालाही रबर आणि बूच यातला फरक कळत नाही. मोहन पुढे येऊन पाया पडला. म्हणाला, "काका, सोळा दिवस तुमच्या भरवशावर बसून राहिलो." त्याचा मोठा मुलगा त्याच्या बोटाला धरून होता.

मी शैलजाकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

मी शाल घेतली. नारळ घेतला. दोन शब्द बोललो. हे इथे लिहून ठेवतो, कारण बाहेर मी ते कुणाला सांगू शकलो नाही.

घरी येऊन खिडकीतली चौथी बरणी उघडली. आत माझी चकती, पाच भोकांची. पुरणपोळीच्या उंड्यासारखी मऊ झाली होती आणि बोटाला लाल रंग लागला. चिठ्ठीवर तिचं अक्षर: ‘बाबांची. २१ नोव्हेंबर.’ मी नर्मदेवर पुजाऱ्याला नावं ठेवत होतो, त्याच सकाळी. अनसूयेचं शिलाई मशीन उचललं. खाली माझा पांढरा नमदा, स्वच्छ, मापात कापलेला.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मिस्त्रीला, बायकोला, मशीनला. फक्त मला नाही.

आणि हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं: तिने हात लावला नसता, तर टाकी गळली असती आणि ती कानपूरला गेली असती. फक्त गप्प बसायचं होतं तिला. मोहन पेट्रोलवर बसला असता, आणि ती पैज जिंकली असती. म्हणून ती हरली. आणि मी जिलेबी खाल्ली.

उजव्या कडेचा रकाना आज पहिल्यांदा भरतो. माल: विष्णुपंत. नापास.

२० डिसेंबर, सोमवार

सकाळी शैलजा कॉलेजला निघाली तेव्हा तिला थांबवलं. काय बोलावं ते रात्रभर जुळवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. म्हटलं, "मला काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं बाबा. तीन बरण्या भरून सांगितलं."

मग मी विचारलं, तुला जायचं आहे का? चाळीस दिवसांत हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. चाळीस दिवसांत काय, बावीस वर्षांत. ती दारातच उभी होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "आता काय फायदा? पत्र तर गेलं. तुम्हीच टाकलं ना."

"जायचं आहे का?"

रडायला लागली. मला रडणारी माणसं आवडत नाहीत, पण मी तिथेच उभा राहिलो.

दोघं मिळून तारघरात गेलो. मजकूर तिने लिहिला, सही तिने केली: आधीचं पत्र रद्द समजावं, जागा स्वीकारते. तारबाबू तोंडात पान धरून म्हणाला, लड़ाई की वजह से सब लेट चल रहा है. मी पावती नीट घडी करून खिशात ठेवली.

२८ डिसेंबर, मंगळवार

आठ दिवस पोस्टमनची वाट पाहिली. आयुष्यभर ज्याला आळशी म्हटलं, त्याच्यासाठी फाटकाशी स्टूल टाकून बसलो. आज उत्तर आलं. नकाराचं पत्र त्यांना तार मिळाल्यानंतर तीन दिवसांनी मिळालं, युद्धामुळे डाक तुंबली होती. तार आधी पोचली, ती धरली आहे. पाच जानेवारीला हजर व्हा.

भोंगळ पोस्टखात्याचे आभार कसे मानायचे ते मला माहीत नाही. पोस्टमनला चहा दिला. त्याने तीनदा विचारलं, सब ठीक है ना बाबूजी?

२ जानेवारी १९७२, रविवार

शैलजाची ट्रंक भरणं चालू आहे. चारही बरण्या तिला न्यायच्या आहेत. चौथीसुद्धा. मी म्हटलं, ती कशाला? म्हणाली, "तिथे नवीन मुली येतील, त्यांना दाखवायला. नाव नाही सांगणार."

अनसूया बरण्या जुन्या लुगड्यात गुंडाळत होती. फुटतील, असं मी म्हटलं. लुगड्यात काही दम नसतो. मग शिलाई मशीन उचलून खालचा नमदा काढला आणि कात्रीने चार पट्टे कापले. मशीन पुन्हा खडखडेल म्हणून अनसूया कुरकुरली. मी म्हटलं, खडखडू दे.

पट्टा बरणीभोवती धरला, पण गुंडाळायच्या आधी थांबलो. शैलजाला विचारलं, "यासाठी चालेल का?"

तिने पट्टा हातात घेतला, अंगठा दाबला, ओठांतल्या ओठांत पाचपर्यंत मोजलं आणि सोडला. खड्डा भरून आला.

"कोरडं राहणार आहे ना, मग चालेल," ती म्हणाली.

मी बरण्या गुंडाळल्या.